मागचं डिफ

डॉक्टर रत्नपारखी, तुमची चिठ्ठी मिळाली होती,
दवाखान्याच्याच पॅडवर:
पुढे सात हजार, मध्ये सात हजार, मागे पाच.
खाली सही. जणू दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

मी अंबडला गिअर तपासते, एकोणीस वर्षं झाली.
ट्रकचे, ट्रॅक्टरचे, परातीएवढे.
तुमच्या गाडीचं डिफरन्शियल माझ्या तळहातावर
कुंकवाच्या डबीएवढं,
पण आत भानगड तीच:
वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालायचं असतं,
आतल्याला कमी,
आणि दांडा दोघांचा एकच.

शनिवारी रात्री सिडकोतल्या ओट्यावर
वर्तमानपत्र पसरलं, चार स्क्रू काढले.
तेल काळं पडलेलं, गेल्या मोसमाच्या धुळीसकट.
पेट्रोलने धुतलं नाही, ओ-रिंग फुगते.
जुन्या टूथब्रशने दात घासले, एकेक.
हसू नका. तुमच्याकडेही हेच चालतं.

मग शिम. एक दशांश मिलिमीटरची चकती.
एक जास्त झाली तर क्राउन पिनियनला करकचून धरतो,
एक कमी, तर दात चुकतात,
आणि दात एकदा चुकायला लागले की
तुम्हाला मी काय सांगू.
बोटाने हलवून पाहते. हलकं टिक् यायला हवं,
कडी न लावलेल्या दारासारखं.
कारखान्यात यासाठी डायल गेज आहे.
इथे नखं.

आणि तेल.
बाटल्यांवर आकडे असतात, पण मला पाक कळतो.
तीन हजार म्हणजे एकतारीच्या जरा अलीकडे,
पाच हजार एकतारी,
सात हजार दोनतारीकडे निघालेलं.
वड्या पडतील इतकं घट्ट
मागच्या चाकांना कुणी घालत नाही.

बाहेर नऊ अंश. बाटलीतलं तेलसुद्धा आळसावलेलं.
आडगावच्या त्या प्लॉटवर, ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमागे,
सकाळी दवाने माती दबलेली असते, चाकं चिकटून धावतात.
तेव्हा तुमचं पाच बरोबर.
पण अंतिम फेरी दीड वाजता.
तोवर मुरूम सुटतो, पीठ होतं त्याचं,
आणि मागची दोन चाकं एकमेकांना सोडेनात
तर वळणातून निघताना गाडीची कंबर फिरते.

पाचची बाटली उघडली. वास नसतो त्याला काही.
परत लावली.

तीन ओतलं, आडवी काडी बुडेस्तोवर,
बुडबुडे वर येऊन फुटायची वाट पाहिली,
तेवढ्यात डाळीच्या दोन शिट्ट्या झाल्या.
स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.
मग पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने लिहिलं:
मागे ५.

तुम्ही तिसरे आलात.
सातपूरच्या वेल्डिंगवाल्या दोघा पोरांनंतर,
पण त्या पुण्याच्या गाडीच्या आधी, जिची बॅटरीच म्हणे
माझ्या पगाराएवढी.
शेवटच्या यू-वळणातून गाडी निघाली
दुधातून केस काढावा तशी.
मंडपात चहा घेताना तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात,
बागूलबाई, बघितलंत ना? पाच म्हणजे पाच.
मी हो म्हणाले.
बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

तेव्हा सांगायचं राहिलं.
म्हणजे, राहू दिलं.

आज तुमचा कंपाउंडर गाडी ठेवून गेला, चिठ्ठीसकट.
पुढे सात. मध्ये सात.
मागे, आणि पुढे नुसती रेघ,
फॉर्मात पेशंटने भरायची सोडतात तशी.
सही आहे.

कधी कळलं? घरी नेऊन चाक हाताने फिरवलंत का?
शेवटी तुमचीही बोटं
उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडात अंदाज घेत फिरलेली.

अकरा वाजलेत. ओट्यावर दोन्ही बाटल्या.
उद्या ट्रॅकवर टँकरने पाणी मारणार आहेत म्हणे,
कुणी म्हणतं नाही मारणार.
मी एकदा हिचं बूच काढते, एकदा तिचं.
आकडा लिहून पाठवला असता तर बरं झालं असतं, डॉक्टर.
मोडायला तरी काहीतरी हवं होतं.