दुसऱ्या लीडची पट्टी

मे महिन्यात भुसावळला
ईसीजीचा रोल फ्रिजमध्ये ठेवावा लागतो,
इंजेक्शनांच्या शेजारी.
नाहीतर उन्हानेच काळा पडतो,
कुणाचं हृदय उमटायच्या आधी.

सुपडू तायडे, वय एकाहत्तर,
रेल्वेत चावीवाले होते.
दोनदा चक्कर, एकदा न्हाणीत पडले.
छातीवरचे केस भादरून, जेल लावून
बरगड्यांमधली चौथी फट मी बोटाने शोधली.
"थंडं हाये वं माय," म्हणाले, आणि हसले,
कारण बाहेर शेहेचाळीस होतं.

हलू नका. बोलू नका.
मशीन कुरकुरलं, गुलाबी चौकटींवरून रेघ चालू लागली.
रुबिना पिंजारी, नोकरीचा नववा दिवस,
ओठ हलवत मोजते:
पाच बारीक म्हणजे एक मोठी, पाच मोठ्या म्हणजे एक सेकंद.
हा बुटका उंचवटा वरच्या कप्प्याचा, मी दाखवते,
हा टोकदार, खालच्याचा.
दोघांमधलं अंतर बघ. इथे एवढं.
इथे थोडं जास्त. इथे त्याहून.
आणि इथे
उंचवटा आहे, त्याच्या मागे कुणीच नाही.

सुपडूबाबा मान वळवून बघत होते.
"म्हन्जे सिग्नल पडला,
अन् गाडी आलीच नही."

रुबिनाने वहीत तसंच लिहिलं.
मी खोडायला लावलं नाही.

रात्री मॉनिटर जोडला. पहिल्या तासात
तो तीनदा ओरडला, तिन्ही वेळा रुबिना धावली
पडद्याकडे, जिथे रेघ सपाट झाली होती,
आणि तिन्ही वेळा बाबा पाणी मागत होते.
घामाने चिकटी सुटते, पोरी.
आधी माणूस बघ. मग वायर. मग पडदा.
मनगट धर. मनगटाला वीज लागत नाही.

त्यांना झोप नव्हती. सांगत बसले:
पहाटे साडेतीनला निघायचं,
हातोडा, पाना, दोन झेंड्या, डब्यात फटाके,
तापीचा पूल ओलांडून दुसखेड्याकडे.
चावीवर हातोडा मारायचा. आवाज घट्ट आला की पुढे,
बद्द आला की सैल.
"कानाले समजे. कागद कुठं होता तवा..."

दोन वाजून चाळीस.
वाक्य तिथेच राहिलं.
मॉनिटर नंतर ओरडला.
रुबिना या वेळी पडद्याकडे गेली नाही,
हात तिने आधीच धरला होता.
"ताई, लागत नाहीये."

पडद्यावर बुटके उंचवटे येत होते
वेळच्या वेळी, बिनचूक.
सिग्नल. सिग्नल. सिग्नल.
चार सेकंद. पाच.
मी उशी ओढून काढली, तळवे छातीवर ठेवले,
आणि तेवढ्यात एक रुंद, वाकडी, उशिराची मालगाडी
आली.
बऱ्याच वेळाने तिच्यामागे दुसरी.

मग डॉक्टर भंगाळे, ॲट्रोपिन, छातीवर पॅड,
जळगावला फोन, पेसमेकर बसवायचा आहे म्हणून.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी विचारलं,
ती पट्टी मिळेल का.
मी झेरॉक्स दिली.
मूळ कागद टिकत नाही,
दोन-तीन वर्षांत रेघ उडून जाते,
माणूस चांगला ठणठणीत असला तरी.

परत आले तर रुबिना वायरी गुंडाळत होती.
गुंडाळून झाल्यावर
रिकाम्या खाटेच्या लोखंडी दांडीवर
तिने कात्रीच्या मुठीने हलकेच ठोकलं
आणि कान दिला.