मधलं पाणी

बाबांची निळी बादली, मासेमारीची,
कडी एका बाजूने तारेने बांधलेली.
पाणी काठोकाठ नको, चार बोटं कमी, असं मी सांगते
आणि ओइवा स्वतःची चार बोटं बुडवून मोजतो.
पाच वर्षांची बोटं.
म्हणजे खरं तर दोनच. चालेल.

लेम्पी पाण्यात टाकते रोवनची लाल फळं,
स्प्रूसची डहाळी, आणि कुणाचं लक्ष नसताना
माझ्या कोटाचं तुटलेलं बटण.
मग बादली पायरीवर. बाहेर उणे अठरा.
दुपारचे तीन, आणि कुहमोत दिवेलागण होऊनही गेलेली.

कृती तशी सोपी आहे, मुलांच्या मासिकात चार ओळींत बसेल.
थंडी बाहेरून आत शिरते,
आधी कडा धरते, मग वरचा पापुद्रा,
मधलं पाणी सगळ्यात शेवटपर्यंत जागं राहतं.
ते जागं आहे तोवर बादली उलटायची,
ते ओतून द्यायचं.
उरते बर्फाची हंडी. नाताळचा दिवा तिच्यात.

नेमकं कधी उलटायचं, हे मात्र कुणी लिहीत नाही.
बाबा बोटाच्या पेराने बादलीवर ठोकायचे,
मान तिरकी करून ऐकायचे
आणि म्हणायचे, "अजून नाही."
त्यांना काय ऐकू यायचं, मी कधी विचारलं नाही.
आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

पहिली बादली ओइवाने घाईने उलटली.
पापडाएवढी भिंत. पायरीवर नुसता चुरा.
तो रडला नाही, चुऱ्याकडे रोखून बघत राहिला
जणू चूक त्या चुऱ्याचीच होती.

दुसरीची चूक माझी.
भट्टीत हॅम, बीट चिरून बोटं लाल, कैसाचा लांबलेला फोन,
आणि रात्रीत पारा उणे सव्वीसवर.
सकाळी ठोकून पाहिलं. ठक्क.
ओइवाने बादलीला गाल लावला.
"आतलंपण झोपलं," म्हणाला.

चोवीस तारीख. तिसऱ्या बादलीला वेळ कुठे?
टाकून देऊ, मी म्हटलं.
तो स्टुलावर चढला, मोठा डाव घेतला,
मी किटलीतलं उकळतं पाणी वाडग्यात ओतून दिलं,
त्यात डाव बुडवायचा, बर्फाच्या माथ्यावर टेकवायचा.
एकदा टेकवला की नखाएवढा खळगा.
पुन्हा बुडवायचा.
लेम्पी ते वितळलेलं कपात धरून बाहुलीला पाजत होती,
एक घोट मलाही मिळाला.
दुधातला भात निवून त्यावर साय धरली,
त्यातला एकुलता एक बदाम कुणाला मिळाला
कुणाच्या लक्षातच आलं नाही.
दुपारी वाटीएवढी जागा झाली, एका अंगाला कललेली.
मेणबत्ती मावेना. मी सुरीने तिचे दोन तुकडे केले.

कब्रस्तानात इतके दिवे की बर्फालाच आतून उजेड फुटलाय वाटावं.
स्लेजवरून आणलेला आमचा ठोकळा
बाबांच्या दगडाशी टेकवला.
काडी तीनदा विझली.
मग जाड भिंतीत दुधी डाग पसरला,
थोड्या वेळाने त्यात एक फळ लाल झालं,
मग दुसरं.

ओइवाने हातमोजा काढला,
दगडावर पेराने ठोकलं,
मान तिरकी केली.
ही सवय त्याला मी कधी दाखवली, आठवत नाही.
"काय ऐकलंस?" मी विचारलं.
तो विचारात पडला.
"कान गार पडला," म्हणाला.

नाताळच्या सकाळी लाकडं आणायला निघाले
आणि पायरीवर सपशेल आपटले.
पहिल्या बादलीतलं मधलं पाणी
तिथेच पसरून काचेसारखं गोठलेलं,
आणि त्यात माझ्या कोटाचं बटण,
चारही भोकं आभाळाकडे.
मी चुलीतली राख आणून टाकली,
तेवढं बटण सोडून.
मार्चपर्यंत ते निघणार नाही.