बिल

व्याख्याते माइकवर टिचकी मारतात
आणि विचारतात, येतोय का आवाज मागं?
मागं रिकाम्या खुर्च्या. मी हात वर करतो.

कवी तर जाळीला ओठच लावतात.
त्यांचे प, फ, भ फुटू नयेत म्हणून
सेलूच्या या सभागृहात तेवीस वर्षं
माझं एक बोट बटणावर आहे.
‘खाजा, वाढव जरा,’ गट्टूवार सर खुणावतात.
वाढवतो.
कविता तेवढीच राहते.

डावा कान वरातीतल्या भोंग्यांनी नेला.
समितीला हे सांगितलेलं नाही.

परवा दिवेलागणीला
कळमनुरीकर बाई मारवा गायलेल्या.
कुणीतरी कुजबुजलं, यात सा लवकर देत नसतात,
वाट बघायला लावतात.
तेवढ्यात लाइट गेली.
चौदा माणसं सतरंजीवर पुढं सरकली.
मी बिनकामाचा,
वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून
बॅटरी जमिनीकडं धरून उभा.

बाई थांबल्या.
‘भाऊ, तिथं ऐकू येतंय का?’
हात वर केला असता, तर दिसला नसता.
म्हणालो, ‘नाही बाई. ह्या कानानं येत नाही मला.’
कुणी हसलं नाही.
तंबोरा उचलल्याचा आवाज, बांगड्या,
पदर कशाला तरी अडकून सुटला,
आणि बाई माझ्या उजवीकडं येऊन बसल्या.

मग सा आला.

लाइट कधी आली कळलं नाही.
‘खाजा, माइक!’ असं सर ओरडले म्हणे.
ते डावीकडं बसले होते.

बिलात वीस मिनिटं कमी लावलीत.