वीस-पन्नास

नाना पेठेत इस्माईलजींच्या दुकानात
काउंटरवर दोन डबे, आणि माझ्यामागे रिक्षावाल्यांची रांग.
एक सोनेरी, पाच-चाळीस, किंमत ऐकून मी पुन्हा विचारली.
दुसरा लाल, वीस-पन्नास, साधं खनिज तेल.
"ठरवता ठरवता, बाई, तुम्ही गाडीपेक्षा जुन्या व्हाल,"
इस्माईलजी म्हणाले, आणि मागच्याला क्लच केबल दिली.

सव्वीस वर्षं भोसरीच्या लॅबमध्ये मी हेच केलं:
काचेच्या वाकड्या नळीत तेल सोडायचं,
एकदा चाळीस अंशाला, एकदा शंभरला,
आणि वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर
उतरायला त्याला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं.
सिंथेटिक तापलं तरी आब सोडत नाही,
गारठलं तरी अडून बसत नाही.
माझ्याच अक्षरात लिहिलंय हे.
त्याच्याविरुद्ध मला साक्ष देता येणार नाही.

पण फियाट बहात्तरची.
दस्तगीर मिस्त्री बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरून बोलतो,
त्याचं म्हणणं नेहमी विहिरीतून वर येतं:
"बुचाचं गॅस्केट हाये, मागचं सील दोरीचं.
आत पन्नास वर्साचा मळ बसलाय. त्योच तिला धरून हाये.
ह्ये नवं तेल लई स्वच्छ. समदं धुऊन काढंल,
मग जिथं जिथं मळ व्हता, तिथनं गळंल."
मग डोकं बाहेर, हाताला चिंधी,
आणि माझ्याकडे न बघता:
"काही इंजिनं धुवायची नसत्यात."

भाचा बाणेरहून फोन करतो.
ऋत्विज मोटारी पडद्यावर काढतो, इंजिन नसलेल्या.
म्हणतो, मावशी, हे सगळे जुने समज,
आता त्यात सील जपणारी द्रव्यं असतात.
एकदा घाल, पंधरा हजार किलोमीटर बघायला नको.

तो खोटं बोलत नाही.
पण गेल्या वर्षी आम्ही दोघी मिळून
सहाशे दहा किलोमीटर झालो.
काही रविवारी खडकवासला. एकदा सासवड, सीताफळांसाठी.
एकदा कात्रजच्या बोगद्यापर्यंत,
नुसता तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघायला.
मी भागाकार केला. सवय जात नाही.
साडेचोवीस वर्षं.
तेव्हा मी नव्वद ओलांडलेली असेन.
एवढं टिकणारं तेल
कुणाच्या नावावर घ्यायचं?

खाली पार्किंगमध्ये नव्या फरशा बसवल्यात.
मी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरते,
सकाळी थेंब मोजते. तीन म्हणजे ठीक. पाच झाले तर दस्तगीर.
परवा एक नेमका 'जागा भाड्याने देणे'वर पडला होता,
गोल, काळा, शिक्का मारल्यासारखा.
पानवलकर सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलंय:
'तेल गाळणाऱ्या वाहनधारकाने नोंद घ्यावी.'
एकवचनात. नाव घालायचं मात्र टाळलंय.

लाल डबा घेतला.
इस्माईलजींनी न विचारताच तो आधी पिशवीत घातला होता.
खात्री होती का? नाही. अजूनही नाही.
रात्री झोप लागता लागता मला ती वाकडी नळी दिसते,
आणि वाटतं, आकडे मला हसत असतील.
गाडी मात्र सकाळी दुसऱ्या खटक्याला सुरू झाली
आणि नेहमीसारखी खोकली.

ऋत्विजने दिवाळीला पाठवलेला सोनेरी डबा
फळीवर तसाच होता. टाकवत नाही.
त्यातलं चमचाभर मी लहान फाटकाच्या बिजागरीला घातलं.
सुरेख सरकतं आता, एका बोटाने उघडतं.
पूर्वी ते करकरलं की मला वर ऐकू यायचं,
दूधवाला वेगळा, पानवलकर वेगळे,
पोस्टमन तर अर्धंच उघडायचा.
आता कोण आत आलंय ते
बेल वाजेपर्यंत कळत नाही.