घोळ

जिल्हा परिषदेच्या शाळेमागे खो-खोचं मैदान,
मैदानामागे बंद पडलेल्या जिनिंगची भिंत,
भिंतीवर पोट्टे.
रस्त्याच्या अलीकडे मी आणि माझं मशीन.

गावातल्या पोरींची मापं माझ्या वहीत आहेत.
सातवीपर्यंत त्या टेपकडे पाहतही नाहीत,
"लवकर घे वं मावशी, डाव सुरू होते."
आठवीत टेप लावला की श्वास आत ओढून घेतात,
जणू मी शिवणार नाही,
पकडणार आहे.

मग एकेकीचं कानात सांगणं.
बाही कोपराच्या खाली ने, दंड जाडे दिसतेत.
हाफपँट राहू दे, पाय काड्या आहेत.
भाविकाने भादव्याच्या उन्हात लेगिंग मागितली
पायावरच्या लवेसाठी.
बापाच्या ब्लेडने कापून घेतलं होतं तिने एकदा,
घरी सांगितलं, पऱ्हाटी लागली.
ढोक्यांची समीक्षा काहीच बोलली नाही.
कुर्ता पुढे केला नुसता.
"सैल," म्हणाली. "अजून सैल."

नववीत वहीचं पान कोरं राहतं.
सरांनी विचारलं तर उत्तर तयार:
ऊन लागते, पोट दुखते, ट्यूशन आहे.

मला पाठ आहेत ही उत्तरं.
मी म्हटलं होतं, गुडघ्यात चमक भरली.
त्या वर्षी आर्णीला जायचं होतं, तालुक्याच्या सामन्याला.
भिंतीवरून एकाने माझ्या पळण्याची नक्कल केली
आणि बाकीचे हसले.
एवढंच.
गुडघा दुखतो, दुखतो म्हणता म्हणता
आता थंडीत तो खरंच दुखतो.

काल करुणा मेश्राम आली,
कुर्त्याला काळी माती, कोपर सोललेलं.
मी सवयीने खडू उचलला.
"किती सोडू?"

"सोडू नको. आत घे."

मी तिच्याकडे पाहिलं.

"खांबाले वळसा मारला होता मावशी,
निसटलीच होती मी.
तिच्या हाताले मी नाही लागली, हा घोळ लागला.
मी बाद नाही झाली.
माहा घोळ बाद झाला."

"आन् भिंतीवरचे?"

ती जरा वेळ दोऱ्याच्या रिळांकडे पाहत राहिली.
"ते तं आहेतच.
पण पळाले दोन हात लागतेत वं,
एक हात जर दरवेळी कुर्ताच खाली वढत राह्यला, तं..."
पुढचं तिने सांगितलं नाही.

दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतलं.
कापड कापलं नाही.
शिवणीत माया ठेवली, ठेवतोच आम्ही,
अंग वाढतं,
वाढू द्यायचं असतं.

घालून तिने आरशात पाहिलं नाही.
इस्त्रीच्या टेबलाला खांब धरून
एक हूल डावीकडे, पळाली उजवीकडे,
बटणांचा डबा सांडला,
आणि पैसे द्यायचे विसरून गेलीच ती,
रस्त्यापलीकडे, भिंतीसमोरून, सरळ.

आज सकाळी भाविका दारात उभी होती.
आत आली नाही.
"आत घ्याचे किती पैसे घेतं?"
मी सांगितलं.
"पाहू," म्हणाली,
आणि मैदानाकडे न वळता घरी गेली.

बटणं अजून सापडताहेत,
मशीनखाली, पायपुसण्याखाली, एक तर दाराबाहेर.
मी वाकते, उचलते.
गुडघ्याला विचारत नाही.