निधी उरल्यास

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
मिरचीची भजी घेतली, दोन उंडे घेतले
आणि पुडा उलगडला तर
कागद आमच्याच पालिकेचा.

शिक्का ओळखला. बावीस वर्षं
आवक-जावकची वही माझ्याकडे होती.
उजव्या कडेचं अक्षर खाणारा तो प्रिंटरही.

बाजार पुनर्विकास. प्राधान्यक्रम.
एक, कारंजं, रंग बदलणारं.
दोन, घड्याळाचा मनोरा.
तीन, स्वागतकमान.
कोणाचं स्वागत, ते लिहिलेलं नव्हतं.
चौदावा आकडा भज्याखाली होता.
भजं उचललं.
बायकांसाठी शौचालय, सुक्या मासळीच्या रांगेजवळ.
शेरा: निधी उरल्यास.

त्या रांगेत फेलिसिदाद बसते,
शिवोलीहून पहिल्या बसने येते, सुकी सुंगटं विकते
आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाही.
मी विचारलं नव्हतं. मापटं भरता भरता तीच म्हणाली,
‘उदक पियेल्यार मागीर वचूंक जाय न्हय रे?’
आणि हसली.
तिचे तीन अर्ज मीच घेतले होते,
तिन्हींची पोच दिली होती.
पोच म्हणजे
अर्ज कुठेच पोचला नाही, याची पावती.

खोर्जुवेकर मास्तरांनी
माहितीच्या अधिकारात हीच यादी मागितली होती.
तिसाव्या दिवशी मी उत्तर टाइप केलं:
सदर कागद अभिलेखात आढळत नाही.
खोटं नव्हतं ते.
गठ्ठा आदल्याच आठवड्यात रद्दीत गेला होता,
किलोवर.

तेल पसरत गेलं.
कागद उन्हात धरला तर आरपार दिसू लागलं,
मागची पेन्सिल, उलटी अक्षरं,
वळण माझं.
शाळेच्या हॉलमधली ती सभा,
पंखा बंद, मी खडूच्या फळीला टेकून
वर झालेले हात मोजतोय.
शौचालय, एकशे अकरा.
गटार, चौऱ्याण्णव.
छप्पर, सत्तर की बहात्तर, खोडलंय.
कारंजं कोणी मागितलंच नव्हतं.

कागद वाया घालवू नका, साहेब म्हणाले होते.
म्हणून मी दुसरी यादी
पहिलीच्याच पाठीवर छापली.

तसाच गेलो फेलिसिदादकडे, तेलकट हातांनी.
म्हटलं, हे बघ.
‘आमचो नंबर कितवो?’
मी एक बाजू दाखवली. मग दुसरी.
तिने दोन्हीकडून नीट पाहिला कागद,
वाचता येत नाही तिला, हे मी विसरलो होतो,
आणि परत दिला.
‘तूं आयलाच जाल्यार बस मात्सो.
पांटलो पळय.’
पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली
आणि बसस्टँडमागच्या हॉटेलाकडे निघाली,
भराभर, कुठेही न बघता.

मी तिच्या पाटावर बसलो.
समोर खोदलेला खड्डा, कारंज्याचा,
त्यात पाणी साचलेलं, पावसाचं नव्हे.
गिऱ्हाईक आलं.
सुंगटं कशी दिली?

भाव मला माहीत नव्हता.