कोंडवाड्यातलं मंडळ

वही बापूंची. खाकी पुठ्ठा, पाठीला सुतळीची शिवण.
पहिल्या पानावर संक्रांत, सन सत्तेचाळीस:
"आज रोजी मौजे हिंगणेवाडी येथे
लढाईवरून आलेले इसम बारा
जुन्या कोंडवाड्यात बसले.
ठराव: बसत जावे."

एवढाच ठराव. का बसत जावे ते लिहिलेलं नाही.
ते आई सांगायची. हे सगळे
रात्री गावातून फिरायचे, एकेकटे.
आधी कुत्री भुंकायची, मग ओळखीची झाली.
पहाटे पारावर गाठ पडली की
एकमेकांना विचारायचे, काय, झोप झाली?

कोंडवाडा तेव्हा रिकामा.
गुरांचा वास भिंतीत मुरलेला; सुभेदार हैबती पिसाळ म्हणाले,
इटलीत याहून वाईट जागी नाताळ काढला.
भाडं वर्षाला दोन रुपये.
सात सह्या, पाच अंगठे. त्यातला एक डावा,
उजवा केरनच्या डोंगरावर राहिला.

मग खरेदी. बापू पलटणीत स्टोअरला होते,
आणा चुकला तर त्यांना घास उतरत नसे.
गॅसबत्ती एक, कोरेगावच्या बाजारातून.
मेंटल सहा. सतरंजी एक, जुनी.
कप बारा, चिनी मुलाम्याचे, निळ्या काठाचे.
आणि खाली, बारीक अक्षरात:
"लखू खरात यांनी कप स्वतःचा आणावा.
दाराजवळ खुंटी मारली."

बारा माणसं, बारा कप, आणि तरीही खुंटी.
एक कप कायम रिकामा राहत असणार.
त्याबद्दल कोणी काही बोलल्याची नोंद नाही.

पुढची पानं हजेरीची.
बाबालाल मुलाणी, हजर. हैबती पिसाळ, हजर.
गेनू भोईटे, हजर, उशिरा.
लखू खरात: गैरहजर. गैरहजर.
मी बोटानं मोजलं, तेरा वेळा,
बापूंनी एकदाही वरच्यासारखं म्हणून दोन रेघा ओढल्या नाहीत,
दर वेळी पूर्ण शब्द लिहिला.

आषाढात सातारहून लखोटा आला, पेन्शनचा.
आत टाइप केलेलं इंग्रजी, दोन पानं.
गावात मास्तर नव्हते, तलाठी लग्नाला गेलेला.
ब्रह्मदेशात वायरलेसवर बसून
ज्यानं इंग्रजी कानानं आणि मग डोळ्यानं शिकून घेतलं
तो एकच होता, आणि तो ओढ्यापलीकडे राहायचा.

हे वहीत नाही. हे बाबालालचाचांनी सांगितलं
बापू गेल्यावर, दहाव्याला.
म्हणे, आम्ही चौघं गेलो, अंगणात उभे राहिलो.
लखूनं कागद वाचला, सावकाश, एकेक ओळ,
कोणाला किती, कोणाचं नामंजूर.
घडी घालून परत दिला.
मग आत वळून बायकोला हाक मारली,
आणि आम्हाला विचारलं, "पाणी?"

कोंबडी सुद्धा ओरडेना, चाचा म्हणाले.
मी घेतलं, माझं काय.
सुभेदारांनी तांब्याकडे बघितलं,
शत्रूचा बंकर बघावा तसं,
आणि तोंड लावून प्यायले, अर्धं मिशीवर सांडलं.
तुझ्या बापानं दोनदा मागितलं.
गेनू भोईटे बांधावरून परत फिरला.

वहीत त्या आठवड्याला दोनच ओळी:
"गेनू भोईटे यांनी नाव कमी केले.
खुंटी काढली. खर्च काही नाही."

गेनूतात्यांनी पुढे भजनी मंडळ काढलं.
आवाज चांगला होता. आमच्या लग्नात
ते आणि बापू एका पंगतीत बसले, बोलले नाहीत.

पन्नास सालच्या मार्चअखेर मोजदाद आहे.
गॅसबत्ती एक, काच तडकलेली.
सतरंज्या दोन. कॅरम एक, सोंगट्या कमी.
कप तेरा.

तेरावा खरेदीत कुठेच नाही.
मी सगळी पानं उलटून पाहिली,
पावत्यांची पुरचुंडी सोडली.
ज्या माणसानं दोन पैशांच्या टाचण्या लिहिल्या
त्यानं तो कप नुसता मोजला,
आणि बेरजेखाली सही केली.